खाऱ्या पाण्याचा धडा

बोतोशानी, ऑक्टोबर

प्रिय इलिंका,

काल बाजारात तुझी आई भेटली. तू अजून स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडतेस म्हणाली. मी न मागताच तिने तुझा पत्ता दिला.

शिकाऊ शिक्षिका म्हणून तू घेतलेला शेवटचा तास बारा वर्षं माझी पाठ सोडत नाही. मी मागच्या बाकावर निरीक्षणाची वही घेऊन बसले होते. एका बरणीत अंडं बुडालेलं, दुसरीत तरंगणारं, आणि असं का, ते मुलांनीच शोधावं म्हणून तू बाजूला उभी. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली रोदिका उठली. "बाई, पाणी चाखून बघू?"

"बघ की!" तू म्हणालीस.

"अय्या, खारट!" ती ओरडली, आणि सगळा वर्ग बरण्यांभोवती गोळा झाला.

मी वहीत लिहिलं, 'वर्गावर ताबा नाही. नापास.'

"माझं काय चुकलं, बाई?" तू विचारलंस.

"प्रयोगातलं काही मुलांना चाखू द्यायचं नसतं," मी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. वीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी असं आपणहून उठलं नव्हतं.

तू गेल्यावर तो धडा मी घेऊ लागले. दरवर्षी कुणीतरी पाणी चाखायला मागतं, आणि माझ्या तोंडून तुझ्याच आवाजात उत्तर निघतं.

आज माझ्या हाताखालच्या नव्या शिकाऊ शिक्षिकेने, सान्झियानाने, विचारलं, "बाई, किती सुंदर! कुणाकडून शिकलात हे?"

तुझं नाव ओठांवर आलं होतं. "माझं मलाच सुचलं," मी म्हणाले.

तिने वहीत माझं नाव लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

तुला नापास करणारी,
वेतुरिया बाई