तुझ्या खोलीवरचे नऊ दगड

बोरदरी, ता. वसमत
रविवार, १८ मे

साधनाताईला शिवाचा नमस्कार.

आमी इकडं बरे आहोत, आई-बापूबी. तुझ्या पायाची सूज उतरली का? दाजींना आन् तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. उद्या सकाळी दगडोबा मामा टेम्पोत हळद भरून वाशीमला निघून राहिले, त्यांच्याजवळ डिंकाच्या लाडवांचा डबा देतो. चिठ्ठी नेहमीसारखी तळाशी, कागदाखाली. डबा सासूबाईंसमोर उघडू नको. फोनवर आपल्याला धड बोलताच येत न्हाई, इकडं आई कान लावून बसते आन् तिकडं सासूबाई स्पीकर लावतात. येत्या गुरुवारी बापू जीप घेऊन तुला बाळंतपणाला आणायला निघणार. त्याच्या आत ही चिठ्ठी तुला मिळायलाच पाहिजे.

तुझी मागची चिठ्ठी रिकाम्या डब्यातून मिळाली. चार पानं, त्यातली साडेतीन गेमवर! आठवा महिना लागला आन् बाई लिहिते काय, तर काळ्या पुलावरच्या धनुष्यवाल्यांना कसं लोळवायचं. पायाच्या सुजेवर एकच ओळ. दाजींच्या लॅपटॉपवर तू किती पुढं गेलीस गं! मी आपल्या जुन्या कम्प्युटरवर अजून धुराच्या डोंगराच्या अलीकडंच घुटमळून राहिलो.

तरी तुझ्या युक्त्या कामाला आल्या. पुलावर समोरून जायचंच न्हाई, खालून नदीत घोडा घालायचा आन् मागच्या अंगानं चढायचं, हे मला दोन वर्षांत सुचलं न्हाई. पयल्याच झटक्यात पाच जण खलास. आता माझ्याकडूनबी एक घे. पडक्या देवळामागं विहीर आहे ना, तिच्यात बिनधास्त उडी मार. मरत न्हाई. खाली भुयार निघतं आन् त्याच्या तोंडाशी निळी ढाल ठेवलेली आहे. जड आहे, घोडा हळू पळतो, पण आगीचं काही चालत न्हाई तिच्यापुढं. मागच्या आठवड्यात मी एक आख्खा दिवस कुणालाच मारलं न्हाई, नुसता फिरलो. डोंगर चढलो, पलीकडं उतरलो, तळ्याकाठी घोडा उभा केला. या गेमचं मला हेच आवडतं, कुठंबी जा, कुणी अडवत न्हाई.

आन् म्हसोबाचं, गेममधल्या त्या जमिनीखालच्या राक्षसाचं. त्याचं खरं नाव आपल्याला कधी उच्चारता आलं न्हाई, तू ठेवलेलं म्हसोबाच बरं. तू लिहिलंस, जमिनीखालून गुरगुर आली, कंट्रोलर हातात थरथरला, की पळायचं न्हाई. पळणाऱ्याच्याच पायाखालून तो निघतो. जागेवर गप उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, तो बाजूनं निघून जातो. बराबर असंल तुझं. मंगळवारी मी तसंच केलं. त्याचं पुढं लिहितो.

सध्या मी आवाज बंद करून खेळतो. कंट्रोलरची थरथरबी बंद केली. त्यामुळं मागून येणारा कळत न्हाई आन् काल एकाच जागी सात वेळा मेलो. तू असतीस तर डोक्यात टपली मारली असतीस. आन् खेळतो तेबी घरात न्हाई. कम्प्युटर उचलून अंगणात लिंबाखाली आणलाय, वायर दारातून ओढून. पडद्यावर ऊन येतं, निम्मं दिसत न्हाई. शेजारच्या पद्माबाई काकू येता-जाता विचारतात, काय रं शिवा, कम्प्युटरला हवा खायला घातली का? मी हसून वेळ मारून नेतो.

आईचा हात बरा आहे. नांदेडहून शुक्रवारी घरी आणलं. तुला फोनवर सांगितलं ना, न्हाणीत पाय घसरला. डॉक्टर म्हणाले दोन महिने काही उचलायचं न्हाई. पण ऐकेल ती आई कसली? एका हातानं तुझी तयारी करून राहिली. बाळंतशेपा, डिंक, खारका, सगळं आणून ठेवलं. सुईणीचं काम आता दवाखान्यात, तरी द्वारकाबाईला तेल लावायला सांगून आली. गल्लीत ज्याला त्याला सांगते, माझी साधना गुरुवारी येऊन राहिली.

ताई, मी उगाच इकडचं तिकडचं लिहून राहिलो. दोन पानं झाली. आता लिहितो.

आई न्हाणीत घसरली न्हाई.

जमिनीतली गुरगुर तुला नवी न्हाई. तुझ्या लग्नाआधीपासून चालू आहे. आवाज यायचा, भांडी वाजायची, आपण अंगणात पळायचो आन् परत येऊन चहा प्यायचो. गेल्या साली जोराचा धक्का बसला तवा तलाठी आन् आणखी कोण कोण साहेब आले, दारोदार सांगून गेले की पत्र्यावरचे दगड उतरवा. आपल्याकडं पत्रा म्हटला की वर दगड आलाच, न्हाईतर वाऱ्यानं पत्रा शेजाऱ्याच्या वावरात. तरी मी आन् बापूंनी एकूणएक दगड उतरवला, पत्रे तारेनं बांधले. तू फोनवर शाबास म्हणाली होतीस.

मग तीन तारखेला वाऱ्याचं वावधान सुटलं. उगवतीच्या खोलीचे दोन पत्रे उचकटले. तुझ्यासाठी आईनं तीच खोली सारवून ठेवलेली, बाजसुद्धा तिथंच टाकलेली. आई म्हणाली, “शिवा, बाळंतिणीच्या अंगावर पाणी गळालं तर मी कुणाला तोंड दाखवू?” बापू म्हणाले, तार आणखी आवळू. मीच म्हणालो, तारेचा भरवसा न्हाई. बांधावरचे चांगले जड दगड निवडले, दोघांनी मिळून उचलायचा असा एकेक. नऊ दगड. सगळे त्या एका खोलीवर. बाकीच्या घरावर एकबी न्हाई. मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, तुझी खोली अशी पक्की केली की आता हत्ती आला तरी हलत न्हाई? ते हे दगड.

मंगळवारी सकाळी साडेअकराला बापू वावरात होते. मी पुढच्या खोलीत खेळत होतो, कानाला हेडफोन. धुराच्या डोंगराखाली पोचलो आन् गुरगुर सुरू झाली. कंट्रोलर थरथरला. मी तुझं ऐकलं, घोड्यावरून उतरून गप उभा राहिलो आन् मोजायला लागलो. एक, दोन, तीन. मनात म्हणालो, काय भारी आवाज दिलाय यांनी, खुर्चीसुद्धा हलून राहिली! चार, पाच, सहा. मग लाईट गेली. पडदा काळा झाला, कंट्रोलर हातात गार पडला. आन् तरी खुर्ची हलतच होती.

तुझी काही चूक न्हाई, हे आधीच लिहून ठेवतो. तू गेमचं सांगितलं होतंस, घराचं न्हाई. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू हे मनाला लावून घेशील. घेऊ नको.

मी पळालो. हेडफोन तसाच गळ्यात, दारातून सरळ अंगणात, लिंबापर्यंत. सगळी गल्ली बाहेर आली होती, बाया लेकरांना हाका मारत होत्या. मी लिंबाचं खोड धरून उभा राहिलो. पद्माबाई काकू माझ्याजवळ आल्या आन् म्हणाल्या, “शिवा, तुझी माय कुठंय रं?”

ताई, तोवर मला आई आठवली नव्हती. लोक समजतात मी आईला काढायला आत घुसलो. घुसलो, पण काकूंनी विचारल्यावर. हे मी बापूंना सांगितलं न्हाई, आईलाबी न्हाई. तुलाच लिहून राहिलो.

उगवतीच्या खोलीचा वासा भिंतीतून निसटला होता. पत्रे आत वाकले होते आन् त्यातून दगड खाली आले होते. खोलीत नुसती माती. आई तुझ्या बाजेला टेकून खाली बसली होती, लेकराच्या दुपट्याला टाके घालता घालता. एक दगड तिच्या हातावर पडून बाजूला गेलेला. हात कोपराखाली भलतीकडंच वळला होता, मला बघवेना. ती ओरडत नव्हती. मला बघून म्हणाली, “बाजेवरचा आधी काढ.”

सगळ्यात मोठा बाजेवर होता. उशीवर. बाजेची एक बाजू मोडून सुंभ लोंबत होता. मी तो दगड ओळखला, एका अंगानं चपटा. घरंगळू नये म्हणून मीच तसला शोधून आणला होता.

न्हाणीचं खोटं आईचंच. वसमतहून नांदेडला नेताना जीपमध्येच तिनं आमच्याकडून वचन घेतलं. हाताची दोन हाडं मोडलेली, रॉड टाकायचा होता, आन् ती म्हणून राहिली, साधनाला कळू द्यायचं न्हाई, तिच्या सासरी कळलं तर ते पोरीला पाठवणार न्हाईत. धक्का तुम्हालाबी थोडा जाणवला असंल. तवा फोनवर आई तुला म्हणालीच ना, इकडं काय झालं न्हाई, नुसती भांडी वाजली.

दगड आता उतरवलेत. पण भिंतीला माझा हात आत जाईल एवढी चीर पडलीय. काल आईनं पद्माबाई काकूंकडून ती मातीनं लिंपून घेतली, वर चुना मारला. तुला ती दिसायची न्हाई. बाज परत विणून घेतली आन् त्याच जागी टाकली. मी म्हणालो अंगणात मांडव घालू, ताईला तिथं ठेवू, तर म्हणते बाळंतिणीला वारं लागतं. म्हणते, सगळं गाव राहतंच ना आपापल्या घरात? किल्लारीच्या भूकंपाच्या साली बापू पोरसवदा असताना मदतीला गेले होते, त्याबद्दल कधी बोलत न्हाईत. परवा भिंतीकडं बघून एवढंच म्हणाले, “तिथंबी अशाच दगडमातीच्या भिंती होत्या.” आन् तसेच उठून गुरुवारची जीप सांगून आले. आईपुढं त्यांचं काही चालत न्हाई.

मंगळवारपासून तीनदा आवाज आला. धक्का न्हाई, खालून नुसता आवाज. मला जेवण जात न्हाई. ट्रॅक्टर गेला तरी उठून दाराबाहेर पळतो. ताटात पाणी घालून समोर ठेवतो आन् हलतं का ते बघत बसतो. आंघोळसुद्धा उघड्यावर करतो. बापू म्हणतात, एवढा बावीस वर्षांचा गडी आन् असा काहून करून राहिला?

मला एकच दिसतं. तू त्या खोलीत आहेस. टाके पडलेले, उठता येत न्हाई, कुशीत दहा दिवसांचं लेकरू. आन् गुरगुर सुरू होते. तुला पळता येणार न्हाई. आईला एका हातानं तुला उचलता येणार न्हाई. मग उरलो मी. आन् मी काय करतो ते मला मंगळवारी कळलं. घरात माणूस आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा येत न्हाई, पाय आधी निघतात. पुढच्या टायमाला मी असं करणार न्हाई, असं मी रोज देवाला सांगतो, पण माझाच माझ्यावर विश्वास न्हाई. भिंतीची भीती वाटते ती वाटतेच. त्याहून जास्त मला माझी वाटते.

म्हणून लिहितो, येऊ नको. गुरुवारी जीप दारात उभी राहिली तरी बसू नको. तुमचं घर स्लॅबचं आहे, दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे, दाजी जवळ आहेत. तिथंच राहा.

आई फोनवर रडेल. पहिलं बाळंतपण माहेरात न्हाई झालं तर लोक काय म्हणतील, असं म्हणेल. तू लगेच विरघळशील. खोटं कारण सांगायला जाऊ नको, तुला जमत न्हाई, दोन वाक्यांत हसू येतं तुला. खरं तेच सांग. म्हण, शिवानं मला येऊ नको म्हणून लिहिलंय, आता तो बोलवेपर्यंत मी त्या घरात पाय ठेवणार न्हाई. काहून लिहिलं, ते सांगू नको. भावावर रुसून न आलेली लेक लोकांना समजते, आईलाबी समजेल. ती मला शिव्या देईल, गाव मला नावं ठेवील, तुझ्या सासूबाई म्हणतील कसला मेला भाऊ. म्हणू दे. आपल्या घरात बाळंतीण ठेवण्यासारखं राहिलं न्हाई, हे आईच्या तोंडून काही केल्या निघायचं न्हाई. ते तिच्या वाट्याला नको.

दुपटं आईनं एका हातानंच पुरं केलंय. ते बापूंबरोबर पाठवतो, ठेवून घे.

ही चिठ्ठी वाचून जाळून टाक. आन् मला फोन करू नको, ताई. तुझा आवाज ऐकला तर मी ये म्हणून बसेन.

बहिणीला माहेराला येऊ नको म्हणणारा,
शिवशंकर