तुझ्या नावाचं पान

प्रिय दादा,

लिहायला बसले की उठावंसं वाटतंय आणि उठले की परत बसावंसं. सकाळपासून असंच चाललंय. मघाशी उठून शोकेसच्या काचा पुसल्या, त्या कालच पुसलेल्या होत्या. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, अगं, झिजतील त्या. बाबांचे हे असले विनोद तुझ्या वेळी नव्हते, नाही? तुझ्या वेळी ते फक्त ओरडायचे. आता ऐकायला मी असते आणि मी उलट ओरडते, म्हणून सुधारले असतील. हो, दुकानात आता मी बसते. तुझ्या गळ्यात पडणार होतं ते चष्म्याचं दुकान शेवटी माझ्या गळ्यात पडलं, आणि गंमत म्हणजे मला ते आवडतं. मी रीतसर शिकलेय. लोकांना त्या उंच खुर्चीत बसवते आणि हे भिंग बरं की ते बरं, असं विचारून भंडावून सोडते. एरवी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असलेला माणूस त्या खुर्चीत बसला की बापुडवाणा होतो आणि म्हणतो, दोन्ही सारखंच वाटतंय हो.

सध्या मात्र गोंधळ माझाच उडालाय. बँकेतल्या एका बाईंच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. त्या दारापर्यंत गेल्या आणि भिंतीला धरत परत आल्या. म्हणाल्या, अहो, तुमची पायरी मला दोन ठिकाणी दिसतेय. बाबांनी चष्मा माझ्या हातातून काढून घेतला. माझा जीव थाऱ्यावर नाही, दादा, आणि त्याला कारण तू आहेस, म्हणून सगळं तुलाच ऐकवणार आहे.

तू गेलास त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तू घासायला लावलेली काच मशीनमध्ये तशीच अर्धी होती आणि बाबा तिला कुणाला हात लावू देत नव्हते. सकाळी गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तुला काय ऐकवलं ते मला आईकडून कळलं. तुझ्याच्याने कधी एक काम पुरं झालं नाही, ना शिक्षण, ना साधा अर्ज, ना ही काच. तुझा तो लांब केसांचा मित्र दोन दिवसांनी आला आणि चपला न काढताच म्हणाला की मी त्याला बसमध्ये चढताना पाहिलं, घरी सांग म्हणाला, मी ठीक आहे, मला शोधू नका. आता शोधू नका म्हटल्यावर कुठली आई गप्प बसेल? पोलिसांनी हात वर केले. तेवीस वर्षांचा घोडा स्वतःच्या मर्जीने गेलाय, त्यात आम्ही काय करणार, असं तिथला माणूस म्हणाला. तेव्हा मामाने शक्कल लढवली. पोराचं डोकं ठिकाणावर नाही असं लिहा, म्हणाला, मग बघा कसे हलतात. पोलीस काही हलले नाहीत, पण मामाची ती ओळ कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी आपल्यासाठी इंटरनेटवर बनवलेल्या पानावर जाऊन बसली. वर तुझा चौकटीच्या शर्टातला फोटो, खाली नाव, वय, उंची, हनुवटीखालची जखमेची खूण, तुला शेवटचं पाहणाऱ्या मित्राचं नाव, संपर्कासाठी मामाचं नाव, आणि मधोमध जाड अक्षरात, मानसिक संतुलन ठीक नाही.

पुढे सरांचा क्लास बंद पडला आणि ते पान माझ्याकडे आलं. इतकी वर्षं मी ते जिवंत ठेवलंय. त्यावर तू अजून तेवीसचाच आहेस, म्हणजे पानावरच्या तुझ्यापेक्षा आता मी मोठी आहे, हे लक्षात असू दे. त्या पानापायी काय काय झालं ते तुला ठाऊक नाही. एकदा एकाने फोन करून सांगितलं की तुमचा मुलगा आमच्याकडे बस डेपोच्या कँटीनमध्ये कप विसळतो. बाबा आणि मी दिवसभर प्रवास करून गेलो. तो तू नव्हतास. तुझ्यापेक्षा वीतभर उंच होता आणि पुष्कळच नम्र होता. आम्हाला चहा देऊन म्हणाला, सापडले की मलाही कळवा हं. आणि आई रोज सकाळी चहा झाला की फोन घेऊन बसते आणि एका बोटाने तुझं नाव टाईप करते. मी तिला म्हटलं, पत्ता साठवून देते, नुसतं बोट लावलंस की पान उघडेल. नाही म्हणाली. तुझं नाव तिला स्वतः लिहायचं असतं. पान वर आलं की फोटो बघते, फोन उलटा ठेवते आणि मग कामाला लागते.

तर गेल्या आठवड्यात मला एक मेल आला. आधी वाटलं, फसवणूक असणार, लॉटरी लागली म्हणणाऱ्यांपैकी कुणी. पण तो सर्च चालवणाऱ्या कंपनीचाच होता. लिहिलं होतं की तुमच्या साईटवरचं हे पान एका विशिष्ट नावाने शोधल्यास यापुढे आमच्या निकालांत दिसणार नाही. पान आहे तिथेच राहील, फक्त त्या नावाने विचारणाऱ्याला आम्ही ते दाखवणार नाही. कुणी मागणी केली ते सांगितलेलं नव्हतं. इतकंच होतं की असा अर्ज त्या नावाच्या माणसालाच करता येतो, तोही ओळख पटवून, आणि पानावर ज्यांची नावं आहेत त्यांपैकी कुणीही तो केलेला असू शकतो.

पानावर नावं तीन. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी आधी मामाचं नाव टाकलं. आपलं पान हजर. मग तुझ्या मित्राचं टाकलं. तो आता सोफे विकतो, त्याच्या सोफ्यांखाली आपलं पान होतंच. मग तुझं टाकायला घेतलं आणि नाव दोनदा चुकलं. तुझ्या नावाचा एक दातांचा डॉक्टर आला, एक फुटबॉलचा पंच आला, सिमेंटचा एक व्यापारी आला. मी खाली खाली जात राहिले. तू कुठेच नव्हतास. आणि मी मोठ्याने हसले, दादा. रिकाम्या दुकानात वेड्यासारखी हसले, आणि मग मशीनमागे जाऊन रडले, कारण तू कुठेच नाहीस याचा अर्थ तू कुठेतरी आहेस. तू आहेस! जेवतोस, झोपतोस, अर्ज भरतोस. इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणीही सांगू शकलं नव्हतं.

राग नंतर आला, आणि जो आलाय तो अजून गेलेला नाही. कुठल्या तरी कचेरीतल्या अनोळखी माणसाला तू आपलं घरचं सगळं लिहून दिलंस, आणि आम्हाला एक ओळ लिहिता आली नाही? त्या अर्जात कारण द्यावं लागतं, मी वाचलंय. मी सारखी तुझी कारणं मनात लिहीत असते. भाजी चिरताना लिहिते, डोळे तपासताना लिहिते. घरच्यांचा जाच, असं लिहिलं असशील का? की माझा त्यांच्याशी संबंध नाही, असं? एका आजोबांना मी अक्षरांच्या तक्त्यावरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली, शेवटी ते म्हणाले, पोरी, पाठ झाली आता मला ही. मग एका दुपारी ते पान मी दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी वाचून पाहिलं. समज मी घरमालक आहे, नवीन भाडेकरूचं नाव टाकून बघतेय. समज मी त्याला नोकरी देणार आहे. पहिलंच काय दिसतं? बेपत्ता, मानसिक संतुलन ठीक नाही. मामाने पोलिसांना हलवायला लिहिलेली ती थाप सगळीकडे तुझ्या पुढे पुढे पोचत होती. कितीदा तुला दारातून परत जावं लागलं असेल, आणि का, हे कुणी तोंडावर सांगितलंही नसेल. हे मला सुचायला इतकी वर्षं लागली. पण राग आहे तो आहेच. दोन्ही आहे.

आईला सांगायचं माझ्याच्याने होईना. सांगायचं म्हणजे दोन गोष्टी एकदम सांगायच्या, तू आहेस, आणि तुला आम्ही नको आहोत. मी भेकडासारखं तिच्या फोनचं इंटरनेट बंद करून ठेवलं आणि रेंज नाही अशी लोणकढी थाप मारली. पण तिला कोण थोपवणार? ती वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या फोनवर बघून आली, आणि भर दुकानाच्या वेळी, घरातल्या चपला घालून, थेट तपासणीच्या खुर्चीत येऊन बसली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाली, त्याचं पान गेलं गं. म्हणजे तो गेला का? तिला वाटलं होतं की माणूस गेला की असं होत असेल, त्याचं नावच काढून टाकत असतील. मग मी सगळं सांगितलं. तिला समजावं म्हणून, आणि खरं तर मला धीर यावा म्हणून, सावकाश सांगितलं. आत मशीनचा आवाज थांबला होता.

बाबा हात पुसत बाहेर आले. मला वाटलं, आता भडका उडणार. ते मला म्हणाले, त्याने स्वतः भरला अर्ज? मी हो म्हटलं. कागदपत्रं, पुरावे, सगळं जोडून? हो. आणि मंजूर झाला? मी म्हटलं, बाबा, पुष्कळांचे नामंजूर होतात, मी वाचलंय. ते म्हणाले, म्हणजे नीट लिहिला असणार. मग म्हणाले, पुरा केला त्याने. आणि आत जाऊन त्यांनी मशीन सुरू केलं, दादा, पण त्यावर काच नव्हती, मी पाहिलं.

आई मात्र एव्हाना खुर्चीत सावरून बसली होती. तिचा हिशेब वेगळाच. उगीच कुणी एवढा खटाटोप करत नाही, म्हणाली. कुणीतरी आता त्याचं नाव टाकून बघणार आहे, म्हणून काढायला लावलं त्याने. नोकरी असेल. नाहीतर मुलगी असेल, मुलीकडचे बघतातच. मुलगीच असेल बहुतेक. असं म्हणून ती इतकी खुलली की तिला जमिनीवर आणायचा मला धीर झाला नाही. आणि मग एकदम म्हणाली, काढून टाक ते पान, सगळंच काढ. त्या मामाच्या नावाने तरी कशाला दिसायला हवं, त्याच्या मुलीकडचे हुशार निघाले तर? मी भांडले. मी म्हटलं, इतकी वर्षं मी ते सांभाळलं, तू रोज बघतेस, आणि आता एका मेलवरून काढायचं? ती म्हणाली, मी तो आहे का ते बघत होते. आता कळलं ना. फोटो माझ्याकडे आहे.

तिचं म्हणणं मी ऐकलं, म्हणजे जवळजवळ ऐकलं. फोटो काढला, मामाची ओळ काढली, तिन्ही नावं काढली, आणि सर्चवाल्यांना कळवलं की हे पान कुठल्याही शब्दाने, कुणालाही, कधीच दाखवू नका. तुझा अर्ज एका नावापुरता होता, मी तो पुरा केला. आता जो पूर्ण पत्ता अक्षर न् अक्षर टाईप करील त्यालाच ते उघडेल, आणि तो पत्ता तुझ्याकडे आहे, कारण अर्जात तो तुलाच भरावा लागला असणार. खरंच गेलं का, हे बघायला तू एकदा तरी येशील. म्हणून तुझा फोटो होता तिथे मी हे पत्र ठेवतेय. आम्ही तुला शोधणं थांबवलंय, दादा. आईने सांगितलंय लिही म्हणून, आणि आम्ही रागावलेलो नाही असंही लिही म्हणाली, ते तिच्यापुरतं आणि बाबांपुरतं खरं आहे. ये असं मी म्हणत नाही. पण आमची नावं आम्ही कुठूनच काढलेली नाहीत. दुकानाचं नाव टाकलंस तर पहिल्याच ओळीत आम्ही आहोत. खाली कुणीतरी लिहून ठेवलंय की नंबर अचूक काढतात, मात्र दुकानातली बाई फार बोलते. त्याच्याच खाली फोन नंबर आहे. फोन मीच उचलते.

तुझीच, अजूनही टोचणारी,
टाचणी