आण्णांच्या हलगीखालचा जाळ

प्रिय रामेश्वर,

बीडच्या थेटरात तुझा सत्कार झाला, शाल मिळाली, पुढाऱ्यांनी पाठ थोपटली. मीही टाळ्या वाजवल्या, कारण शेजारी आई बसली होती. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. फोन केला असता, पण वडवणीच्या आपल्या दोन खोल्यांत आईच्या कानावर न जाता बोलायला जागा कुठंय? म्हणून लिहितेय. पुरतं वाच, मधेच कामाचं निमित्त काढू नकोस.

त्या जुन्या सिनेमाचं संगीत तू नवं करून दिलंस, रिमास्टर का काय ते. निजामाच्या काळात गाव जाळल्याची ती काळीकुट्ट गोष्ट, तिच्यात मुंबईची ती एवढी व्हायोलिनं आणि मधोमध आपल्या आण्णांची हलगी. कड्याच्या कारखान्याला ऊसतोडीला गेलतो आपण, तू झोळीत होतास. सिनेमावाले आवाज टेप करायचं मशीन घेऊन थेट फडाजवळच्या आपल्या खोपटावर, कोपीवरच आले, कारण तोड सोडून मुंबईला यायचो न्हाई, असं आण्णांनी तोंडावर सांगितलं होतं. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही, म्हणून आईनं उसाचा वाळला पाला, पाचट पेटवलं. आण्णा वाजवायचे, कातडं सैल पडलं की जाळावर धरायचे, परत वाजवायचे. त्या पाचटाचा तडतडाट संगीतकाराला एवढा आवडला की त्यानं तो व्हायोलिनांखाली तसाच राहू दिला. सिनेमात गाव जळतंय ना.

आणि तू तो खरखर म्हणून पुसलास. वर भाषणात सांगितलंस, टेपवर लई घाण होती, सगळी साफ केली. घाण? अरे, त्याच जाळाच्या उबेला तुझी झोळी बांधलेली असायची. दुसऱ्या कुणी पुसला असता तर मी गप्प बसले असते, त्याला काय माहीत कोपी आणि पाचट. तुला ओळखू येऊ नये? कसले कान कमावलेस तिकडं जाऊन? मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

थेटरातून परतताना एसटीत आईनं मला एक गोष्ट सांगितली, तीही लाजत लाजत. त्या तडतडाटात, व्हायोलिनं चढायच्या जरा आधी, आण्णांची हाक होती. आईचा पदर जाळाकडं गेला तेव्हा ते ओरडले होते, "वत्सला, सर मागं." जन्मभर त्यांनी तिला 'अगं' नाहीतर 'रोहिणीची आई' म्हटलं. चारचौघांत नाव घेतलं ते तेवढंच. ते गेल्यापासून रोज दिवा लावला की आई मला मोबाईलवर ते संगीत लावायला सांगायची आणि त्या जागेला भाकरी थापता थापता हात थांबवायची. मला वाटायचं, हलगी ऐकतेय. थेटरात ती जागा आली आणि नुसती व्हायोलिनं वाजली, धुऊन काढल्यासारखी. तडतडाटाबरोबर ती हाकही गेली. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आता मोबाईलवरही तुझंच नवं लागतं, जुनं कुठं सापडत नाही.

काल दिवेलागणीला मी विचारलं, लावू का गं? तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ते म्हणलेच नसतील. मलाच इतकी वर्सं भास झाला असंल." आणि भाकरी थापत राहिली. राम्या, हे ती तुला कधीच बोलणार नाही, गावभर लेकाचं कौतुक चाललंय ना. ती मागणार नाही म्हणून मी मागतेय. जुनी टेप तुझ्याकडंच आहे. जशी आहे तशी उतरवून घे, घाणीसकट, आणि स्वतः घेऊन ये, मोबाईलवर पाठवू नकोस. आईजवळ बसून ऐकव आणि तूच तिला सांग, की आण्णा म्हणाले होते.

तुझीच, अजून राग न गेलेली,
रोहिणीअक्का