बिनहाक्याची शिकार

सोहार (ओमान), शुक्रवार

प्रिय मैत्री,

जयभीम. तुझ्या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बारा दिवस लागले. कॅनडाहून फोनवर तू हसत म्हणालीस, बाबा, तुझं आयुष्य लोखंडात गेलं, मग माझी पहिली रायफल तूच निवडून दे. तीन रायफलींचे फोटो पाठवलेस आणि खाली किमती, वजनं, सगळं लिहिलंस. मी "बघतो" म्हणालो. त्यानंतर तू दोनदा आठवण केलीस आणि दोन्ही वेळा मी प्लँटमध्ये शटडाउन चालू आहे म्हणून सांगितलं. शटडाउन नव्हतं. मी घाबरलो होतो, आणि हे लिहितानाही घाबरलेलोच आहे. इंग्रजीत लिहिलं की तू माझं सगळं भराभर वाचून अंगठ्याचं चित्र पाठवतेस आणि मोकळी होतेस, म्हणून मुद्दाम मराठीत आणि कागदावर लिहितोय. पानांचे फोटो पाठवीन. तुला एकेक शब्द लावत वाचावं लागेल. लाव. अडलं तर आईला विचारू नकोस, मला विचार.

आधी रायफलीचं बोलू. तिघींतली मधली घे. पहिलीची गोळी फार मोठी आहे. तुझं वजन पन्नास किलो, वर जेवणात नखरे. त्या तोफेचा धक्का दोनदा खाल्लास की तिसऱ्या वेळी चाप ओढण्याआधीच तुझे डोळे मिटतील, आणि डोळे मिटून गोळी झाडणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते. तिसरी वजनाला हलकी म्हणून तुला आवडली आहे, पण हलकी बंदूक जास्त लाथ मारते. मधली साडेतीन किलोची आहे, गोळी हरणाला पुरेल एवढीच आहे, आणि प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका मागेपुढे करावा लागतो. तेवढ्या वेळात माणूस निदान एकदा विचार करतो. दुकानात गेलीस की डोळे मिटून दस्ता खांद्याला लाव आणि मग डोळे उघड. नजर आपोआप दुर्बिणीच्या मध्यावर आली तर दस्ता तुझ्या मापाचा, मान वाकडी करावी लागली तर नाही. दुकानदार हलक्या चापाचं कौतुक करील, त्याला नको म्हण. आणि गळ्यात एक वेगळी, साधी दुर्बीण ठेव. झाडीत काय आहे हे रायफलीवरच्या दुर्बिणीतून कधीही बघायचं नाही. तू जिकडे बघतेस तिकडेच नळीही बघत असते.

हे सगळं बाबाला कुठून माहीत, असं तुझ्या मनात आलं असेल. थोडं या बारा दिवसांत वाचलं. थोडं आधीपासून माहीत होतं.

आईला तू शिकारीला जाणार हे कळल्यावर तिनं पहिलं शील काढलं, जीवहत्या न करण्याचं. सकाळी पाणातिपाता म्हणायचं आणि नोव्हेंबरात हरीण मारायचं, हे कुठलं शिक्षण, असं तिचं म्हणणं. आपल्या फ्रीजमध्ये दर शुक्रवारी मटण असतं, तेव्हा तो मुद्दा माझ्या तोंडी शोभणार नाही. तुझ्या ऑफिसातल्या बाईंचं कुटुंब दर वर्षी रीतसर परवाना काढून जातं, हिवाळाभर तेच मांस खातं, तू सुरक्षेची परीक्षाही पास झालीस, हे सगळं मी आईला समजावलं. इतकं छान समजावलं की तिला वाटलं, मी तुझ्या बाजूचा आहे. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि टबाच्या काठावर बसून राहिलो.

तुला ती ईदची खेळण्यातली बंदूक आठवते का? तू पाच वर्षांची होतीस. ईदच्या आधी भरणाऱ्या बाजारात सगळ्या पोरांच्या हातात प्लास्टिकच्या बंदुका होत्या, आईनं तुलाही घेऊन दिली. घरी येऊन तू ती माझ्यावर रोखलीस आणि मी ती हिसकावून पायाखाली फोडली. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग इथून जवळच्या खाबुरा गावातल्या त्या लग्नात म्हातारे बंदुका हवेत उडवून झेलत नाचत होते, कुणीतरी एक बार काढला, आणि मी जेवणावरून उठून तुम्हा दोघींना गाडीत घालून घरी आणलं. तेव्हापासून तुम्ही मायलेकी मला भित्रा भागूबाई म्हणता. म्हणा. मी आहेच.

गेल्या शुक्रवारी पुन्हा खाबुऱ्याला गेलो होतो. माझ्याबरोबर काम करणारा मुराद तुला माहीत आहे, तो बलुची, प्लँटमध्ये दिवसभर माझ्याबरोबर वेल्डिंगमधले तडे शोधत असतो. त्याच्या घरी आजोबांची जुनी रायफल भिंतीवर टांगलेली आहे. निकामी आहे, चाळीस वर्षांत तिला कुणी काडतूस दाखवलेलं नाही. म्हटलं, तुला दस्त्याबद्दल सांगायचं तर एकदा हातात धरून बघावी. फोटोवरून काय कळतं? लिंबाच्या झाडांमधून त्याच्या बैठकीत शिरलो. त्यानं हसत हसत ती काढून माझ्या हातात दिली. मी ती उघडून बघितली. रिकामी होती. बंद केली, परत उघडली. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. मुराद म्हणाला, खलास, पुरे झालं बाबा, रिकामी आहे. मी ती जमिनीवर ठेवली आणि भिंतीकडे नळी करून शेजारी बसलो.

मुरादची आजी गुलबानू कोपऱ्यात बसून खजूर निवडत होती. ऐंशीच्या पुढची आहे, पण हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलते. आम्ही कशासाठी आलोय हे मुरादनं तिला सांगितलं होतं. तिनं त्याला कॉफी आणायला आत पिटाळलं आणि मला विचारलं, "कौन गया?" मी म्हणालो, भाऊ. तिनं पुढचा खजूर उचलला, आठळी काढली आणि विचारलं, "किसके हाथ से?" मीही एक खजूर उचलून निवडू लागलो. मुराद कॉफी घेऊन आला, मग हवापाण्याच्या गप्पा झाल्या. निघताना तिनं खजुराची पिशवी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "बेटी को पहले वो बता. राइफल बाद में बता." मी तिचं निम्मंच ऐकलं. रायफल आधी सांगून टाकली.

बाळकृष्णकाकाची गोष्ट तुला घरातल्या सगळ्यांइतकीच माहीत आहे. आबांनी जाळीतलं डुक्कर समजून गोळी झाडली, तो काका होता, त्यांचा थोरला मुलगा, आणि आबा दीड वर्ष सावंतवाडीच्या तुरुंगात राहिले. पण तो दिवस तसा का उजाडला हे तुला कुणी सांगितलं नसेल. आपल्या वाडीतली माणसं पिढ्यान्पिढ्या खोताच्या शिकारीत हाका घालायला जायची. रानाच्या एका अंगानं आपण डबे बडवत, ओरडत आत शिरायचं आणि दुसऱ्या अंगाला बंदूकवाले झाडाआड बसायचे. आवाजाला भिऊन जनावर पळायचं ते थेट बंदुकीपुढे. आपल्याला मिळायची आतडी. आबा लहान असताना वाडीनं दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ठरलं की यापुढे हाक्याला कुणी जायचं नाही. खोत चिडले, रानातली वाट बंद केली, तरी कुणी गेलं नाही. ही आपल्या घरातली मोठी गोष्ट आहे. तुला ती अभिमानानं सांगता आली पाहिजे.

पुढे आबांना शेतीच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला. वाडीतली पहिली बंदूक, परवान्यावर आबांचं नाव, शांताराम. आबांनी पेढे वाटले आणि नियम केला की डुकरं उठवायला आपण रानात शिरू, पण तोंडातून आवाज काढायचा नाही. आपल्या माणसांनी रानात ओरडायचे दिवस संपले. मग आम्ही मांजरासारखे शिरायचो, हातानं खुणा करायचो. इतर वाड्यांतले लोक आम्हाला हसायचे, बिनहाक्याची शिकार म्हणायचे, आणि आम्हाला त्याचाही ताठा होता. हाक्याचा दुसरा एक उपयोग असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ओरडणारा माणूस कुठे आहे हे बंदूकवाल्याला कळत असतं.

भात कापणीला आलं होतं. डुकरांनी शेताचे दोन कुणगे लोळवले होते. सकाळी आठच्या सुमाराला आबा, बाळकृष्ण आणि मी वर गेलो. बाळकृष्ण सत्तावीसचा, मी तेवीसचा. माझी ओमानची मुलाखत मुंबईत झाली होती आणि पासपोर्ट यायचा होता. बाळकृष्ण करवंदीच्या जाळीला वळसा घालून खालच्या अंगानं येणार होता. तो वळसा घालून आला नाही, आत शिरून सरळ आला. बहुधा त्याला माग दिसला असेल. खोताच्या वेळचा कुठलाही हाकारा अशा वेळी बोंब ठोकत आला असता. माझा भाऊ आबांचा नियम पाळत, पाय न वाजवता आला.

म्हणून तुला सांगतो, तिथे ते नारिंगी जाकीट घालतात, ते थंडी नसली तरी घाल. जागा सोडलीस की ओरड. तुझं नाव घेऊन मोठ्यानं ओरड. त्या बाई हसतील, त्यांना हसू दे. समोर काही हललं तर ते काय आहे हे दिसेपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेव, आणि दिसलंच नाही तर रिकाम्या हातानं घरी ये. तू गेलीस तर त्या दिवशी मी इथे कसा राहीन मला माहीत नाही. तुला काही होईल याची भीती आहे, पण तिच्याहून मोठी भीती ही की तुझ्या हातून काही होईल. तुला जाऊ नकोस म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणावंसं वाटतं. ठरवायचं ते तूच ठरव, पण पुढचं वाचून ठरव.

त्या दिवशी चढ चढून आबांना धाप लागली होती. ते झऱ्यापाशी बसले आणि बंदूक माझ्या हातात दिली. जाळी हलली. मी बघितलं नाही मैत्री, मी ठरवलं. डुकरासाठी आलो होतो म्हणून ते डुक्कर होतं. गोळी मी झाडली. आबा धावत आले, जाळीत बघितलं, परत वर आले आणि माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. "दया, तू घराकडे होतंस," एवढंच म्हणाले. पोरगा तुरुंगात गेला तर पासपोर्ट कुठला, आणि एक गेला तो गेलाच, असा त्यांनी उभ्या उभ्याच हिशेब केला असणार. माझं इथलं येणं, तुझी शाळा, तुझं कॅनडा, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. आईलाही मी हे परवा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पातेलं घासत राहिली, एकच पातेलं, कितीतरी वेळ. आता तुला सांगतोय, कारण तू बंदूक हातात घेणार आहेस, आणि कारण तू आठ वर्षांची असताना मे महिन्यात आपण गावी गेलो होतो. तू आबांच्या मांडीवर कधी बसायची नाहीस. त्या दुपारी तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस आणि तुझ्या अडखळत्या मराठीत विचारलंस, तुम्ही काकाला का मारलं? आबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलां गो बाय माजां." तू त्यांचा हात झटकून पळालीस, आणि ते जाईपर्यंत त्यांच्याजवळ गेली नाहीस. त्या दुपारी मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. फणस फोडला होता. मी गरे खात राहिलो.

तुझाच,
बाबा