मामाच्या कातडीचा नंबर

१८ सप्टेंबर, सकाळी
एक तारखेपासून पेपरचं शेवटचं पान रंगीत होणार. संपादक म्हणाले, तुमची चित्रपट्टी पंधरा दिवस ठेवून बघू. वाचकांना पटली तर राहील, नाहीतर तिथलं शब्दकोडं मोठं करू. बावीस वर्षं मी 'टकलूमामा' काढतोय, रोज तीन चौकटी. शब्दकोड्याला कोण घाबरतो.
संकल्प : रोज सहाला उठणे.

१९ सप्टेंबर
नऊला उठलो. रंग भरायला नवीन बाई आल्यात. त्यांच्याकडे कातडीच्या छटांचा तक्ता आहे, एक ते बारा, एक सगळ्यांत उजळ. मामांचा नंबर कोणता, विचारत होत्या. मी सांगितलं, मामाला वर्ण नाही, वंश नाही, पक्ष नाही. मामा म्हणजे माणूस. त्या म्हणाल्या, बरं, पण माणसाचा नंबर किती?
कलेची जाण कमी. उद्या सांगतो म्हटलं.

२१ सप्टेंबर
बाईंनी जुने गठ्ठे चाळले. म्हणे मामा, मामी, डॉक्टर, साहेब सगळे कोरे कागद, आणि तोंडावर रेघा फक्त चोराच्या, वॉचमनच्या नि मोर्चेवाल्याच्या. मी म्हटलं, ती सावली. त्यांनी भर दुपारची चौकट पुढे केली. सूर्य डोक्यावर, सावली एकट्या चोरावर.
टोपीची सावली, असं ठणकावून सांगितलं. त्या चौकटीत त्याला टोपी नाही. पण बावीस वर्षांत कधीतरी घातली असेलच.

२२ सप्टेंबर
आज बाईंचे प्रश्न राजकारणावर. मोर्चेवाल्याभोवती माश्या, मंत्र्याभोवती का नाहीत? मंत्र्याची खुर्ची मोठी असते, माश्यांना जागा उरत नाही. मोर्चा आला की मामा खिडकी लावतो आणि साहेबांची गाडी आली की उघडतो, ते का? हवेसाठी. मामा रोज पेपर वाचून एकच म्हणतो, सगळे एका माळेचे मणी. याहून तटस्थ काय असायचं?
घरी बायकोला सांगितलं की दोन्ही पक्षांचे लोक मला मान देतात. ती म्हणाली, न्हाव्यालाही देतात, त्याच्या हातात वस्तरा असतो. तुझ्या हातात काय आहे?
पेन्सिलीला टोक काढायला बसलो.

२५ सप्टेंबर
उदार व्हायचं ठरवलं. मामाला नवा शेजारी दिला, नंबर अकरा. सर्जन. सात भाषा येतात, फावल्या वेळात झाडावरची मांजरं उतरवतो. दिवसभर बसलो, विनोद सुचेना. इतक्या सज्जन माणसाला हसायचं कसं? शेवटी दारात उभा केला. तो मामाला म्हणतो, बरोबर आहे.
बाई म्हणाल्या, आत तरी येऊ द्या की त्याला. म्हटलं, पेशंट थांबलेत.

२८ सप्टेंबर
पान आज छापायला जायचं. मामाचा नंबर ठरलेला नाही. कोरा ठेवला तर रंगीत पानावर भूत दिसेल म्हणे. मग मला सुचलं : मामा म्हणजे मीच. टक्कल माझं, चष्मा माझा, टोमणे मामीचे असले तरी मूळ आमच्या घरचे. मनगट पुढे करून म्हटलं, माझाच रंग द्या.
बाईंनी तक्ता मनगटाला लावला. खिडकीपाशी नेऊन पुन्हा लावला. नऊ. चोरालाही नऊच दिलाय म्हणाल्या, रेघांच्या दाटीवरून.
हल्ली उन्हात फार फिरणं होतंय, असं मी म्हणालो. (फिरत नाही.) छापल्यावर उजळ येईल.

१ ऑक्टोबर
उजळ आला नाही. बायकोने कात्रण कपाटावर चिकटवलं. म्हणाली, बावीस वर्षांत मामा आज तुझ्यासारखा दिसला. तिला चष्म्याचा नंबर काढायला नेलं पाहिजे.

६ ऑक्टोबर
एकतीस पत्रं. विक्रम. चहा मागवला आणि वाचायला बसलो.
सगळ्यांचा प्रश्न एकच. मामांच्या खुर्चीत चोर बसलाय, मामांचा पेपर वाचतोय, मामी त्याला चहा देतेय, तर मामा कुठे गेले? एका आजोबांनी पोलिसांत कळवायला सांगितलंय.
वाचक अडाणी आहेत, असं बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, तसं नाही, बावीस वर्षं तुम्ही रोज शिकवणी घेतलीत, सगळे पास झाले.
चहा गार झाला.

८ ऑक्टोबर
संपादकांनी तोडगा काढला. पट्टीशेजारी माझा फोटो, खाली 'हेच ते मामा'. फोटो आणि मामा सारखे दिसले की लोक गप्प बसतील, पट्टी राहील. मी म्हटलं, रंग बदलणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी हात मिळवला. बाईही पहिल्यांदाच हसल्या.

९ ऑक्टोबर, दुपारी
फोटो काढून आलो. फोटोवाल्याने विचारलं, थोडा उजळ करू का? मी म्हटलं, छे. फक्त तोंडावर टोपीची सावली पडलीय, तेवढी काढा.
तो म्हणाला, काका, टोपी कुठेय?

११ ऑक्टोबर
फोटो छापला. सुरेख आलाय, तीन नंबर. बाईंनी तक्ता लावून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर
चाळीस पत्रं. मामा सापडले, आनंद झाला, आता चोराला खुर्चीतून उठवा.
संपादकांनी बोलावलंय.

१६ ऑक्टोबर
साडेपाचला जाग आली. काही काढायचं नव्हतं.
शब्दकोडं मोठं झालंय. पांढऱ्या चौकोनांत अक्षरं भरायची, काळे नुसते उभे. त्याबद्दल एकाही वाचकाचं पत्र नाही.
सोडवायला बसलो. बायकोने चार शब्द सांगितले. मला एक आला, तोही चुकला.