बाबांच्या खोलीची लाइन

भाऊजी,

बाबांना दवाखान्यात नेते आहे. घाबरू नका, ते बोलताहेत. निघता निघता मला चष्मा शोधायला लावला आहे.

तुम्ही कॉम्प्युटरचा वेग वाढवलात आणि त्याची चाचणी चालू ठेवून बाहेर गेलात. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर तुमची आणि बाबांची खोली ज्या एका लाइनवर आहे तिची वीज गेलेली, तुमच्या खोलीत जळका वास आणि बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद. सिलिंडर जोडेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते.

कॉम्प्युटरचा जळालेला पॉवर सप्लाय काढून टेबलावर ठेवला आहे. त्याचं लेबल नीट वाचा. साडेसहाशे वॅट ठळक छापलं आहे, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की सलग भार पाचशेचाच. वेग वाढवल्यावर तुमचं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून त्याहून जास्त ओढतात. नवा घ्याल तो सलग साडेआठशेचा घ्या. उद्याची गेमची फायनल खेळू नका, असं मी म्हणत नाही. पण बाबांच्या लाइनवर कॉम्प्युटर पुन्हा लावायचा नाही. वेगळी लाइन ओढायला इलेक्ट्रिशियन येतो आहे, तोवर थांबा.

तुमच्या दादांना फोनवर मी एवढंच म्हटलं, की वीज गेली होती. ते ऑफिसातून थेट दवाखान्यात येतील. त्यांच्याआधी पोहोचा आणि खरं काय ते तुम्हीच सांगा. ते चिडतील; मी शेजारी असेन.

बाबा मघापासून मलाच बजावताहेत, "धाकट्याला काही बोलू नकोस गं, उद्या त्याची मॅच आहे."

वहिनी