चौदा लाखांवरील आक्षेप

कोल्हापूर
३ एप्रिल २०२५

श्रीयुत सिकंदर,
जोडचिंच तालीम मंडळाचे विद्यमान अध्यक्ष, आमच्या फुटबॉल संघाचे माजी बचावपटू आणि तूर्त मौनव्रती, यांस

सप्रेम नमस्कार. येथील क्षेम आयकर विभागाच्या अनुमतीच्या अधीन आहे. तेथील क्षेम तू कळवत नाहीस. आपल्या घरांत अंतर तीन गल्ल्यांचे. तरीही हे पत्र टपालपेटीत टाकत आहे, कारण फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर मी धाडलेल्या प्रतिज्ञापत्राच्या मसुद्याखाली नऊ दिवस केवळ दोन निळ्या खुणा विराजमान आहेत.

पाडवा झाला, दुसऱ्याच दिवशी ईद झाली. आमचे श्रीखंड तुमच्याकडे गेले. तुमचा शीरखुर्मा आला नाही. तीस वर्षांत प्रथमच. तुझी वहिनी म्हणाली, विसरले असतील. मी संस्कृतचा शिक्षक आहे. विस्मरण आणि उपेक्षा यांतील भेद मला कळतो.

विषय तुला ज्ञात आहे. तथापि लेखी असावा म्हणून पुन्हा मांडतो. तीन वर्षांपूर्वी तालमीच्या नोंदणीचे कागद अडले, तिचे बँक खाते गोठले, आणि फुटबॉल स्पर्धेचे तिकिटाचे पैसे, देणग्या, व्यायामशाळेची वर्गणी असा सारा ओघ खजिनदाराच्या, म्हणजे माझ्या, बचत खात्यात वळवावा असे सभेने ठरवले. तालमीतल्या केरबाचे तेव्हाचे भाषण एका वाक्याचे होते: "सरांच्या खात्यावर टाका की, बँक बुडंल, सर न्हाय बुडायचं." त्या स्तुतीने मी आठवडाभर फुगलेला होतो.

सर बुडाले. करनिर्धारण अधिकाऱ्यांनी त्या वर्षी खात्यात रोख भरलेले चौदा लाख रुपये माझेच अघोषित उत्पन्न ठरवले आणि त्यावर जवळजवळ अकरा लाखांचा कर आकारला. त्यांच्या नोटिशीस मी नऊ पृष्ठांचे उत्तर दिले होते. त्यात लोकविश्वास या संकल्पनेचे साद्यंत विवेचन होते. पावती एकही नव्हती. आदेशात माझ्या नऊ पृष्ठांची बोळवण एका ओळीत झाली आहे: खुलासा पुराव्याविना, सबब अमान्य.

माझी समजूत अशी होती की आपण आक्षेप घेतला की आदेश निद्राधीन होतो. माझी माजी विद्यार्थिनी इरावती, आता चार्टर्ड अकाउंटंट, हिने तो भ्रम निवारला. तीस दिवसांत अपील करता येते. परंतु अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज निराळा, आणि त्यासाठी सामान्यतः मागणीच्या वीस टक्के रक्कम आधी भरावी लागते. शिवाय अपिलात आकडा घटतो तसा वाढूही शकतो, कारण आक्षेप एका रकमेवर घेतला तरी वरिष्ठ अधिकारी सारे करनिर्धारण पुन्हा तपासू शकतात. "सर, आपण फक्त सोयीचं तेवढं दाखवायचं, असं तिथं चालत नाही," असे ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा अधिक वेळ पाहत राहिली. मला ते पाहणे आवडले नाही.

म्हणून प्रतिज्ञापत्र हवे: चौदाही लाख तालमीचे होते, आणि खाली अध्यक्षांची सही. तू म्हणशील, पावतीपुस्तकांत अकराच दिसतात. पावतीपुस्तके अपूर्ण असतात, हे सर्वविदित आहे.

आता काही शंका. त्या वर्षी ऑगस्टात ठेकेदार नव्या इमारतीचा पाया खणायला यंत्र घेऊन तालमीच्या दारात उभा असताना तू सभेत म्हणालास, "पाऊस हाय, दिवाळीनंतर बघूया." मी दैनंदिनी चाळली. त्या आठवड्यात स्वच्छ ऊन होते. काम लांबवण्यात कोणाचे हित होते? (मलाही तेव्हा ते सोयीचे वाटले, ही गोष्ट अलाहिदा.) दिवाळीनंतर तू माझ्या पासबुकाची झेरॉक्स मागितलीस. कशासाठी, ते सांगितले नाहीस. ती झेरॉक्स जगात एकाच माणसाकडे आहे, आणि माझ्या खात्याचा आकडा आयकर विभागास कोणीतरी कळवला आहे. मी आरोप करत नाही. मी दोन विधाने एकापुढे एक मांडत आहे.

अवनी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बरी आहे. तिचा विषय येथे अप्रस्तुत.

अपिलाची मुदत वीस तारखेस संपते.

तुझ्या सहीच्या प्रतीक्षेत,
त्र्यंबक
खजिनदार, जोडचिंच तालीम मंडळ


कोल्हापूर
१६ एप्रिल २०२५

सिकंदर,

काल नजीराभाभी येऊन गेल्या. तू पाठवले नव्हतेस, हे त्यांनी उंबऱ्यातच सांगितले. त्यांच्या पिशवीत तुझे सही केलेले प्रतिज्ञापत्र होते. मी आधी आकडा पाहिला. अकरा लाख. मी म्हणालो, भाभी, यात तीन कमी आहेत.

"कमी न्हाईत, भावजी. अकरा तालमीचं, ते ह्यांनी लिवलंय. तीन कुणाचं, ते तुमी लिवा."

मी काही क्लिष्ट बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. मग तुझ्या वहिनीसमोर, आमच्याच सोफ्यावर बसून, त्यांनी मला माझी हकीकत सांगितली. ठेकेदारासाठी चेक मागितला तेव्हा माझा चेहरा पाहूनच तू ओळखलेस. घरी जाऊन म्हणालास, तिरमक अडकलाय, त्याला दिवाळीपतोर येळ द्यायचा. पासबुकाची झेरॉक्स मागितलीस ती पैसे परत आले की नाही एवढे पाहायला. आलेले दिसले, त्याच दिवशी ती फाडून चुलीत घातलीस. घराबाहेर यातला एक शब्दही गेला नाही. शीरखुर्म्याचे मी विचारले नव्हते, तरी जाता जाता त्या म्हणाल्या, "खोट्या कागदावर सही मागणाऱ्याच्या घरी काय म्हणून पाठवायचा?"

विभागास कोणी कळवले, हेही समजले. बचत खात्यात वर्षभरात दहा लाखांवर रोख भरली गेली की बँक स्वतःच तशी माहिती धाडते, असे इरावतीने सांगितले. मी ज्याच्यावर पाळत ठेवून होतो तो गुप्तहेर एक संगणक निघाला. अकरा लाख असते तरी त्याने कळवले असते.

आता जे मी टाळत होतो ते. त्या जुलैत अवनीच्या प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आली होती. मी तालमीच्या पैशांतून तीन लाख काढले. कोणाला विचारले नाही. विचारले असते तर तुम्ही दिले असते, आणि मला मागणारा व्हायचे नव्हते. दिवाळीत तुझ्या वहिनीच्या पाटल्या आणि गोठ विकून आलेली रोकड त्याच खात्यात परत भरली. म्हणून अकराचे चौदा झाले. दागिने फीच्या पुढच्या हप्त्यासाठी विकले, असे तिला सांगितले होते. खरे काय ते तिने काल प्रथम ऐकले. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

आज सकाळी अपील दाखल केले. अकरा लाखांपुढे तुझे प्रतिज्ञापत्र, तीन लाखांपुढे माझे. सराफाची पावती नाही. ते तीन लाख मान्य होतील की उलट नवे प्रश्न उठतील, इरावतीलाही सांगता येत नाही. वीस टक्क्यांसाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढत आहे. संगणकाची कळ दाबण्यापूर्वी तिने विचारले, "सर, एकदा दाखल झालं की अंगाशी येतंय म्हणून मागं घेता येत नाही. दाबू?" मी म्हणालो, दाब. तेवढा एकच शब्द मी आज विशेषणाविना उच्चारला.

परंतु तो कागद ज्यांच्याकडे गेला ते मला ओळखत नाहीत. ओळखते ती आपली पेठ. रविवारी सभा आहे. मी येईन, मागे बसेन. तू अध्यक्ष म्हणून हे दुसरे पत्र मोठ्याने वाच. ऑगस्टात तू काम लांबवून मला वेळ दिलास, तो मजकूर सोड. तो तुझा आहे, माझ्यासाठी तू सभेपुढे उघडा पडू नयेस. जड शब्दही हवे तर गाळ. केरबा पुढच्याच बाकावर असेल. तीन लाखांच्या परिच्छेदाशी आलास की थांबू नकोस, आणि माझ्याकडे पाहू नकोस.

सभेने काढले तर माजी, ठेवले तर ऋणी,
तुझा तिरमक